परदेशी शाळेत जाणारं लहान मूल: मुंबईतून निघण्याआधीची तयारी

चार ते आठ वर्षांचं मूल घेऊन परदेशी निघालेल्या घरात व्हिसा, भाडं, सामान यावर रात्री जागतात. मुलाचा शाळेतला पहिला महिना मात्र ‘लहान आहे, रुळेल’ यावर सोडून दिलेला असतो. ज्यांना यातलं जवळून माहीत आहे त्यांनी नेमकं लिहावं: काय करायचं, किती आधी, आणि कुठे अडतं.

विलेपार्ले, बालरोगतज्ज्ञ

लसींचं कार्ड निदान चार महिने आधी उघडा. अमेरिकेतल्या शाळांना एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दोन डोस लागतात आणि पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस तिथे धरत नाहीत. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात होतो. त्यामुळे कार्डावर दोन नोंदी दिसतात, पण हिशेबात एकच राहते. पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस तिच्यात नसते. कांजिण्यांची लस तर सरकारी वेळापत्रकातच नाही. तिचे दोन डोस लागतात आणि तेरा वर्षांखालच्या मुलांत त्यांच्यात तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. चार महिने म्हणतो ते त्यासाठी. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्या, नाहीतर दोन्हींत २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.

डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्याल तेव्हा महिना अक्षरांत लिहायला सांगा. आपला ०५/०८/२०२१ म्हणजे ५ ऑगस्ट, तिथे तो ८ मे होतो. तेवढ्यावरून डोस ‘वेळेआधी’ दिलेला ठरू शकतो. बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्या मुलाची टीबीची त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची आयग्रा चाचणी करून मागा.

गिरगाव, कागदपत्रांची कामं

पालिकेचा जन्मदाखला काढून बघा, बऱ्याचदा त्यावर बाळाचं नावच नसतं. पहिले १२ महिने नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. ज्या वॉर्डात जन्माची नोंद झाली तिथेच जावं लागतं. वडिलांचं नाव पासपोर्टवर मधे आहे आणि दाखल्यावर नाही, असला फरक आधी मिटवा, मगच अपोस्टिलला (दाखला परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं तो शिक्का) द्या. अपोस्टिल मानणाऱ्या हेग करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो, त्याला वेगळे दिवस धरा.

इयत्तेचा हिशेबही करून ठेवा. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, बसतं. जूनमध्ये पाच पूर्ण झालेलं मूल इथे सीनियर केजीला असतं, तिथे ते थेट इयर वनला जातं. बाकीच्या वर्गाचं फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकण्याचं, एक वर्ष झालेलं असतं. मूल ‘मागे’ नसतं, त्याला ते वर्ष मिळालेलंच नसतं. जायच्या आधी अक्षरांची नावं घोकून घेण्यापेक्षा त्यांचे ध्वनी ओळखीचे करून द्या.

मुलुंड, बालवर्गाची शिक्षिका

इंग्रजी येत नाही म्हणून मुलं रडतात त्याहून जास्त डबा उघडत नाही आणि शू सांगता येत नाही म्हणून रडतात.

तिथे जेवायला बऱ्याच शाळांत वीस-पंचवीस मिनिटंच मिळतात आणि भरवायला कोणी नसतं. महिनाभर आधीपासून घड्याळ लावून वीस मिनिटांत स्वतः खायची सवय करा. पोळीचे तुकडे तोडून भाजी लावून खाण्यात लहान मुलाचा सगळा वेळ जातो. गुंडाळी करून द्या. कडीचा स्टीलचा डबा चार वर्षांच्या बोटांना उघडत नाही. गरम वरणभात द्यायचा तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका, मग भात भरा, नाहीतर दुपारी तो कोमट गोळा होतो.

शेंगदाणे मात्र पूर्ण बंद. कित्येक शाळांत अ‍ॅलर्जीमुळे मनाई असते, आणि आपलं कूट कुठे कुठे जातं ते आठवा: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी. मुलाला हेही शिकवा की डबा दुसऱ्याला द्यायचा नाही. ‘वाटून खा’ म्हणून वाढवलेल्या मुलाला हे जड जातं, म्हणून कारणासकट सांगा.

संडासात पाण्याचा जेट नसतो. कागद किती घ्यायचा, पुढून मागे कसं पुसायचं, आतली कडी कशी काढायची, हे घरी करून घ्या. कमरेला बटण नको, इलॅस्टिक हवं.

थंड देशात जात असाल तर एसी १८ वर लावून कपडे घालायचा सराव करा. क्रम महत्त्वाचा: आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जाकीट आणि त्याची चेन, टोपी, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी चढवले की चेन ओढता येत नाही, मूल तसंच उभं राहतं.

माहीम, वाचा-उपचार

नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने वर्गात गप्प राहतं. ते ऐकून साठवत असतं. घरी मराठीत भरभरून बोलत असेल तर घाई करू नका. घरची मराठीही आटली किंवा हाक मारली तरी लक्ष जात नसेल, तर आधी कान तपासा. घरी मोकळं आणि शाळेत अर्धं वर्ष उलटूनही एक शब्द नाही, असं असेल तर तज्ज्ञांना दाखवाच.

अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो. ‘मूल मागे पडेल’ या भीतीने तिथे इंग्रजी लिहू नका. मराठी लिहिलं तरच चाचणी होते आणि भाषेची मदत मिळते. ती मदत फुकट असते आणि मुलाचा हक्क असतो. आणि घरी मोडकं इंग्रजी सुरू करू नका. दमून आलेल्या मुलाला संध्याकाळी एक भाषा तरी पूर्ण येणारी हवी.

बोरिवली, परत येणाऱ्यांसाठी

शाळा सोडल्याचा दाखला मागून ठेवा, तिथे कोणी विचारलं नाही तरी इथे परतताना लागतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे तिसरीत परतलेलं मूल काना-मात्रेला अडखळतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, आणि आठवड्यातून एकदा आजीला व्हिडिओ कॉलवर तेच वाचून दाखवू दे.