भावाच्या एमआरआयमध्ये 'व्हेंट्रिकल्स प्रॉमिनंट' आलंय, मेंदू झिजला का? (मदत हवी आहे)

मलप्रभाकाठ (खानापूर): धाकट्या भावाचा मेंदूचा एमआरआय काल बेळगावात काढला. रिपोर्टात लिहिलंय, दोन्हीकडचे लॅटरल व्हेंट्रिकल्स किंचित प्रॉमिनंट. नेटवर बघितलं तर स्किझोफ्रेनियात मेंदू आकसतो म्हणतात. आई कालपासून जेवली नाही. हे भरून येतं का, एवढंच सांगा. लवकर.

येळ्ळूरवाला: वय किती? आजार कधीपासून? गोळ्या कुठल्या? एमआरआय कशासाठी काढला? काहीच न लिहिता कोण काय सांगणार?

मलप्रभाकाठ: स्किझोफ्रेनिया आहे, लिहिलं की वर. वय २९, आठ वर्षं झाली. डॉक्टर गुरुवारी भेटणार, तोवर घरात दिवस कसे काढायचे?

वाचनवेडा_पुणे: व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या, सगळ्यांनाच असतात. या आजारात त्या मोठ्या दिसतात हे १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये सीटी स्कॅनवर दाखवलं गेलं, तेव्हा रुग्ण होते अवघे १७. २०१६ मध्ये २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी लोकांचे एमआरआय एकत्र मोजले, तेव्हाही तेच आलं. शिवाय हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे मेंदूचे भाग थोडे लहान. पण हा सगळा सरासरीचा फरक आहे. एकेकट्याचा फोटो बघून हा रुग्ण, हा निरोगी, असं ओळखता येत नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या पोकळ्या तुमच्या भावापेक्षा मोठ्या असतील. म्हणून या आजाराचं निदान एमआरआयवर करत नाहीत. गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, ते बघायला काढतात. आईंना 'किंचित' हा शब्द वाचून दाखवा.

तुळशीवृंदावन: आमच्या मामांना ब्राह्मी तुपाने गुण आला. मेंदू गोळ्यांनीच आकसतो. २०११ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, २११ रुग्णांचा. शोधून बघा.

वाचनवेडा_पुणे: बघितलाय. जास्त औषध तिथे थोडी जास्त घट, असं त्यात दिसलं, ते लपवायचं कारण नाही. पण एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही पोकळ्या मोठ्या सापडल्यात, ते तुम्ही सांगत नाही. आणि गोळ्या सुटून आजार उलटला की माणसाचं शिक्षण, नोकरी, संसार जातो, तो कुणी मोजायचा?

तुळशीवृंदावन: मामा आज शेत बघतात. मी डोळ्यांनी पाहिलंय ते सांगते.

निपाणीचा_मास्तर: दिव्यांग कार्ड काढलंय का? २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे. दिव्यांगत्व ४० टक्के लागतं. आधार, फोटो आणि जुनी फाइल घेऊन जिल्हा रुग्णालयात जा.

येळ्ळूरवाला: तिथला फॉर्म कन्नडमध्ये असतो. माझ्या वडिलांच्या वेळी तीन हेलपाटे घातले, शेवटी शेजारच्या पोराने भरून दिला. मराठी माणसाने दुखणं तरी कुठल्या भाषेत सांगायचं?

सिस्टर_धारवाड: फॉर्मचं नंतर बघू. दादा, दोन प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत. गोळी कुठली? एमआरआय का काढला?

मलप्रभाकाठ: क्लोझापीन, रात्री ३०० मिलिग्रॅम. पंधरा दिवसांमागे गोठ्यात पडला, डोक्याला लागलं, म्हणून एमआरआय. गोळ्या मी बंद केल्यात, आठ दिवस झाले. गोळ्यांनी मेंदू आकसतो, असं वर तुळशीताईंनी लिहिलंय तसंच मीही वाचलं होतं. आता तो रात्रभर जागूलालाय, परसात एकटाच बोलत फिरूलालाय. माझी चूक झाली. आज रात्रीपासून परत ३०० चालू करतो.

सिस्टर_धारवाड: नको! देऊ नका. क्लोझापीनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला की जुना डोस एकदम द्यायचा नसतो. बीपी धाडकन उतरतं, फीट येऊ शकते. परत १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावी लागते, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. गुरुवारपर्यंत थांबू नका. ज्यांनी गोळी चालू केली त्यांना आत्ता फोन लावा, नाही लागला तर सरळ धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात आणा. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट घ्या, पांढऱ्या पेशींचा. आणि गोठ्यात पाय घसरून पडला की झटके आले होते? हे औषध चालू असताना झटके येऊ शकतात, म्हणून विचारते. रात्री अडलात तर टेलि-मानस ही मानसिक आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

वाचनवेडा_पुणे: क्लोझापीन आहे हे माहीत असतं तर मी पोकळ्यांवर एवढं लिहीत बसलो नसतो. सिस्टर म्हणतात तसं करा.

तुळशीवृंदावन: गोळ्या थांबवा असं मला म्हणायचं नव्हतं दादा. मामांच्याही चालूच होत्या. ते मी आधी लिहायला हवं होतं.

मलप्रभाकाठ: डॉक्टरांनी फोन उचलला. गोळी देऊ नको, घेऊन ये म्हणाले. मित्राच्या गाडीतून निघालोय, नंदगड फाटा मागे पडला. आई मागे त्याला धरून बसलीय. पडला तेव्हा मी शेतात होतो, पण जिभेला जखम होती, रक्त आलं होतं, असं ती आत्ता सांगूलालीय.

सिस्टर_धारवाड: ते आत गेल्यागेल्या पहिलं सांगा. आईंनाच सांगू दे, त्यांनी बघितलंय.