टू-स्ट्रोक एटीव्ही : इंजिन बांधल्यावर निळा धूर आणि मिसिंग, सल्ला हवा

धागाकर्ता
गाडी यामाहा ब्लास्टर, १९५ सीसी, एअर-कूल्ड सिंगल. इंजिन पूर्ण खोलून बांधलंय : रीबोअर, नवा पिस्टन आणि रिंगा, नवी कनेक्टिंग रॉड, दोन्ही बाजूंची क्रँक सीलं (क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी सीलं), सगळी गॅस्केटं नवी. ऑटोल्यूब पंप (इंजिनात आपोआप टू-स्ट्रोक ऑइल सोडणारा) जोडलेला आहे, शिवाय टाकीत ३२ भाग पेट्रोलला १ भाग (३२:१) ऑइल मिसळलंय. गिअरबॉक्समध्ये ६५० मिली ऑइल मोजून ओतलं. दुसऱ्या किकला सुरू होते, पण निळसर-पांढरा धूर थांबत नाही. एकूण दोन तास चालवून झाली. अर्ध्या रेसच्या पुढे मिसिंग मारते (मध्येच ठिणगी चुकल्यासारखी अडखळते). नवा बी८ईएस प्लग वीस मिनिटांत काळा आणि ओला होतो. रेस पूर्ण उघडून कॉम्प्रेशन १२५ पीएसआय. कार्ब्युरेटरची मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर लहान करून बघू का?

उत्तर १
जेटला हात लावू नका. प्लग ओला होतोय म्हणून मिसिंग आहे आणि प्लग ओला करणारं तेल कुठून येतंय हे अजून कळलेलं नाही. अशा वेळी जेट लहान केली तर तेल तसंच राहील आणि वर मिश्रण कोरडं पडेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. नव्या पिस्टनला ते अजिबात परवडणार नाही.

तेल यायच्या जागा तीन. पहिली : बांधताना लावलेलं ऑइल आणि सायलेन्सरच्या भरणीत मुरलेलं जुनं ऑइल. हा धूर गाडी नीट तापली की वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो. दोन तासांनंतरही टिकलाय म्हणजे तो नाही. दुसरी : पंपही चालू आणि टाकीतही ३२:१, म्हणजे दर लिटरला ३१ मिली आधीच आहे आणि त्यावर पंपाचं. पंपातली हवा पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत टाकीत थोडं ऑइल ठेवणं शहाणपणाचं, पण तोवर धूर दिसणारच. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या, पंपाची केबल मॅन्युअलमधल्या खुणेवर जुळवा, मग साधं पेट्रोल भरा.

तिसरी जागा सगळ्यात त्रासदायक : क्लचच्या बाजूचं क्रँक सील. त्याच्या एका अंगाला क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी), दुसऱ्या अंगाला गिअर ऑइल. सील धरत नसेल तर इंजिन गिअर ऑइल ओढून घेतं. रेस बंद असताना क्रँककेसमधली ओढ सर्वात जास्त असते, म्हणून उतारावर किंवा आयडलवर थोडा वेळ ठेवून रेस दिली की धुराचा मोठा लोट निघतो. वासही वेगळा : टू-स्ट्रोक ऑइलचा गोडसर असतो, गिअर ऑइलचा उग्र, जळकट.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी ठेवा, इंजिन कोमट असताना गिअर ऑइल पूर्ण निथळू द्या, मापाच्या भांड्यात मोजा. ६५०च्या जवळपास निघालं तर सील ठीक आहे. शंभर मिली कमी भरलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर उत्तर मिळालं.

उत्तर २
वरच्याशी सहमत, पण मिसिंगचं एक निराळं कारणही याच गाडीत असतं, ते आधी वगळा. ब्लास्टर आणि यामाहाच्याच बान्शीमध्ये टॉर्स नावाची सुरक्षा यंत्रणा आहे. अंगठ्याची रेस सोडली असूनही कार्ब्युरेटरची स्लाइड उघडीच राहिली, तर ती ठिणगी तोडते. कार्ब्युरेटर काढून परत बसवताना केबलचा प्ले (सैलपणा) चुकला की यंत्रणेला वाटतं स्लाइड अडकलीय. मग रेस दिली की गाडी फटफटते. आधी प्ले जुळवा. तरीही शंका राहिली तर टॉर्सच्या मॉड्यूलचा कनेक्टर तेवढ्यापुरता सोडून, गाडी स्टँडवर घेऊन रेस देऊन बघा. मिसिंग गेलं तर दोष तिथेच. तपासून झालं की कनेक्टर परत लावा. अडकलेली स्लाइड माणसाला फेकून देते.

शिवाय अर्थ : केस रंगवली असेल तर सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि कॉइलच्या अर्थच्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करा. मॅग्नेटची की (मॅग्नेटला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी) थोडीही कापली गेली असेल तर ठिणगीचं टायमिंग सरकतं. मॅग्नेट काढून बघायला दहा मिनिटं लागतात, फक्त पुलर लावा, हातोडा नको.

उत्तर ३
गिअर ऑइल मोजण्याबरोबर लीक टेस्ट करा. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे इंजिन हवाबंद आहे असं होत नाही. कॉम्प्रेशन रिंगांच्या वरचं सांगतं. सीलं आणि बेस गॅस्केट रिंगांच्या खाली असतात.

कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट पाइप काढा. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा, इनटेकच्या रबरात गेज आणि पंप जोडलेलं बूच क्लॅम्पने आवळा. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतील. ऑइल पंपाची नळी जिथे आत येते ते भोकही बंद करा, नाहीतर तिथूनच हवा जाऊन उगाच दिशाभूल होते. हातपंपाने सावकाश ६ पीएसआय भरा. जोरात भरलं तर चांगलं सीलही जागेवरून उठतं. सहा मिनिटं थांबा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये, नव्या इंजिनात तर त्याहून बरंच कमी उतरायला हवं.

उतरत असेल तर साबणाचं पाणी. हेड, बेस, रीड व्हॉल्व्हचा (इनटेकच्या झडपेचा) सांधा, केसची जोडरेषा, प्लग. मॅग्नेटचं कव्हर काढून मागचं सील. क्लचकडचं सील दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या ब्रीदर (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. दाब दिल्यावर त्यातून बुडबुडे आले तर हवा सीलमधूनच जातेय.

मॅग्नेटच्या बाजूचं गळत असेल तर लक्षणं उलटी दिसतात : आयडल चढून राहतो, रेस सोडूनही खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत एक किलोमीटरही चालवू नका, पिस्टन वितळतो.

धागाकर्ता
गिअर ऑइल ५२० मिली निघालं. ६ पीएसआय दोन मिनिटांत ३वर आला, ग्लासात सारखे बुडबुडे. सील नवं आहे, मग गळतं कसं? केस परत फोडावी लागेल का?

उत्तर १
नवं सील बसवतानाच खराब होतं. क्रँकच्या आट्यांवरून किंवा चावीच्या खाचेवरून सरकवताना ओठ चिरतो, किंवा आतली स्प्रिंग निसटते. दोन्ही नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणून काढलेलं सील फेकू नका, उजेडात धरून बघा. काही सीलांना बाहेरून कडा असते, ती केसच्या खाचेत बसते आणि अशी सीलं केस फोडल्याशिवाय निघत नाहीत. तुमचं कुठलं आहे ते पार्ट्सच्या चित्रात बघा.

बसवताना आट्यांवर पातळ टेप गुंडाळा, ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. तितक्याच व्यासाच्या सॉकेटने सगळीकडून सारखं दाबा. क्रँकच्या ज्या भागावर ओठ फिरतो तिथे नखाला अडकणारी खाच आहे का बघा. खाच असेल तर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागी येईल. क्रँक वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय, त्यावर कुठलंच सील टिकणार नाही. प्रायमरी गिअरखाली कॉलर आणि ओ-रिंग असेल तर ती ओ-रिंगही नवी घाला.

उत्तर ३
सील बसवल्यावर इंजिनाची कव्हरं परत लावायच्या आधी पुन्हा लीक टेस्ट. मग क्रँककेसमध्ये साठलेलं तेल काढा : पेट्रोल बंद, प्लग काढलेला, प्लगची कॅप भोकापासून लांब नेऊन अर्थला लावलेली, रेस पूर्ण उघडी, पंधरा-वीस किक. सायलेन्सरची भरणी तेलाने चिकट झाली असेल तर बदला, नाहीतर सील नवं असूनही तासभर धूर दिसत राहील आणि उगाच संशय येईल. प्लग नवाच घाला, तेल प्यायलेला प्लग साफ केला तरी दाबाखाली मिसिंग देतो.

मग पाच मिनिटं चालवून पूर्ण थंड करा, असं तीन वेळा. तिसऱ्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट टॉर्क रेंचने परत आवळा. जेट बघायची ती त्यानंतर.