फ्लेचर वर्गाची ५ इंची तोफ: ८५ अंशांवर गोळा भरायचे कसे?

दर्याकिनारा:
दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी फ्लेचर विनाशिकांवर ५ इंची, ३८ कॅलिबरच्या (म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ३८ पट) पाच तोफा असत आणि विमानांवर मारा करायला त्या ८५ अंशांपर्यंत उचलता येत. ब्रिटिश आर वर्गाच्या, म्हणजे १९४९ मध्ये आपल्या नौदलात राजपूत, राणा, रणजित या नावांनी आलेल्या विनाशिकांच्या ४.७ इंची तोफा मात्र ४० अंशांवरच अडत. गोळ्यांच्या वजनात तर फार फरक नाही. मग अडत होतं कुठे?

तोफखाना:
भरण्यात. नळी वर गेली की ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, खाली जातो. हाताने भरायचं तर ब्रीच कमरेच्या आसपास हवा, पण मग मोठ्या कोनात धक्क्याने मागे येताना तो डेकवर आपटेल. तोफेचा आस, म्हणजे नळी ज्यावर वरखाली कलते तो, उंच बसवला, तर सपाट मारा करताना गोळा छातीपर्यंत उचलावा लागतो. एस वर्गाच्या विनाशिकांवर ब्रिटिश ५५ अंशांपर्यंत पोचले.

अमेरिकनांनी भरायचं काम रॅमरला, म्हणजे गोळा आत ढकलणाऱ्या यंत्राला दिलं. एकाने सुमारे १३ किलोचं दारूचं काडतूस तबकात ठेवायचं, दुसऱ्याने त्याच्या पुढे २५ किलोचा गोळा. यांत्रिक रॅमर दोन्ही एकदम आत सारतो आणि ब्रीचची पाचर आपोआप वर येऊन बंद होते. तबक नळीबरोबरच कलतं, म्हणून कोन कुठलाही चालतो. मिनिटाला १५ फेऱ्या सहज, मुरलेल्या टोळीच्या २० च्या वर.

पाचर:
यात फ्यूजही, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारी कळही जोडा, माझ्या मते खरी करामत तिथेच आहे. गोळा लिफ्टमध्ये नाक खाली करून असतो आणि खालच्या खोलीतल्या गणकयंत्राच्या आकड्यांनुसार त्याचा वेळेचा फ्यूज तिथेच सतत जुळवला जातो. गोळा बाहेर काढला की ती वेळ पक्की. पुढे बार होईपर्यंतचे सेकंद गणितात आधीच धरलेले असतात, त्यामुळे टोळीचा ताल एकसारखा हवा. एक फेरी रेंगाळली की गोळा विमानाच्या मागे फुटतो. जानेवारी १९४३ पासून लढाईत आलेल्या, विमानाजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या व्हीटी फ्यूजला ही जुळणी लागत नव्हती.

दर्याकिनारा:
आणि बार उडालाच नाही तर?

तोफखाना:
नळी थंड असेल तर ब्रीच लगेच उघडायचा नाही, काडतूस उशिरा पेटू शकतं. तापलेल्या नळीत उलटं, थांबलात तर उष्णतेनेच गोळा फुटायची भीती. गोळा मागून ठोकून काढण्यापेक्षा जुनं काडतूस काढून आखूड काडतूस भरतात आणि गोळा समुद्रात डागून टाकतात. ते आखूड असल्यामुळे गोळा पुरता बसलेला नसला तरी ब्रीच बंद होतो.