उत्तर: लोखंड चुंबकत्व अडवत नाही, वळवतं

प्रश्न होता की मध्ये लोखंडी पत्रा धरला की चुंबकाचा जोर पलीकडे का पोचत नाही. त्यावर कुणीतरी म्हटलंय की लोखंड चुंबकत्व 'शोषून घेतं', तर तसं नाहीये. चुंबकाच्या बलरेषांना (त्याचा जोर कुठून कसा पसरतो ते दाखवणाऱ्या काल्पनिक रेषांना) हवेपेक्षा लोखंडातून जाणं कितीतरी पटीने सोपं असतं, म्हणून त्या पत्र्यात शिरून आतल्या आत फिरून परत चुंबकाकडे येतात आणि पलीकडे फारसं काही पोचत नाही, बस इतकंच.

घरी बघायचं तर टाचणी दोऱ्याला बांधून दोरा टेबलाला चिकटवा, वर चुंबक धरला की टाचणी हवेत ताठ उभी राहते, मग मधल्या फटीतून न टेकवता लोखंडी तवा सरकवा, धपकन पडेल. ॲल्युमिनियमचं ताट सरकवलं तर ढिम्म फरक पडत नाही. आणि स्टीलचा डबा वापरणार असाल तर आधी त्याला चुंबक चिकटतोय का बघा, ३०४ ग्रेडच्या स्टीलला बहुतेकदा चिकटतच नाही, मग शिल्डिंग (चुंबकत्व पलीकडे पोचू न देणं) कसलं डोंबलाचं.

म्यू-मेटलचं (शिल्डिंगसाठी वापरतात त्या खास मिश्रधातूचं) विचाराल तर त्यात साधारण ८०% निकेल असतं, कमजोर चुंबकीय फील्डसाठी एकदम भारी, पण ०.८ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय फील्ड मोजायचं एकक) आसपास सॅच्युरेट होतं, म्हणजे त्याहून जास्त बलरेषा त्यात मावत नाहीत, साधं लोखंड २ टेस्लापर्यंत तग धरतं. त्यामुळे चुंबक बाहेर असेल तर त्याच्या बाजूला लोखंड आणि आत म्यू-मेटल असे दोन थर देतात, मध्ये फट ठेवून. फक्त म्यू-मेटल वाकवू-ठोकू नका हं, गुण जातो, परत हायड्रोजनच्या भट्टीत तापवावं लागतं.