सल्ला हवा: विद्यापीठातल्या मल्टिकल्चरल सेंटरची जुनी कागदपत्रं कशी टिकवू? (बजेट ३०० डॉलर)

मक्याच्या_शेतात
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात पीएचडी करते आणि पोटापाण्यासाठी तिथल्या मल्टिकल्चरल स्टुडंट सेंटरमध्ये आठवड्याला २० तास काम करते. ऑगस्टमध्ये सेंटर दुसऱ्या इमारतीत जातंय, जागा निम्मी. तळघरातली खोली रिकामी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बॉस म्हणाले, लागेल ते ठेव, बाकीचं रिसायकलमध्ये टाक.

खोलीत २६ खोकी आणि एक लोखंडी कपाट आहे. १९८८ पासूनची इतिवृत्तं, फ्लायर, खर्चाच्या वह्या, ब्लॅक स्टुडंट युनियनची पत्रकं, ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेला समाज) नववर्षाचे फोटो, नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थ्यांच्या पॉवॉवची (नाचगाण्यांचा मेळावा) हाताने रंगवलेली पोस्टरं, चिकट पानांचे ११ अल्बम, ४० व्हीएचएस टेपा, फ्लॉप्या, टी-शर्ट आणि ट्रॉफ्या.

एका खोक्यावर 'इंडिया नाइट' लिहिलंय. त्यात टाइप केलेलं एक कार्ड सापडलं: तूरडाळ शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर मिळते, कुणाची गाडी जाणार असेल तर फळ्यावर नाव लिहावे. खाली बॉलपेनने, मराठीत: 'हिंग पण!!' मी तिथेच जमिनीवर बसले.

हातात ७ आठवडे आणि ३०० डॉलर आहेत, तेही पावत्या दाखवल्यावर मिळणार. कुठला स्कॅनर घेऊ? काय टाकू?

एक_नंबर_खडूस
३०० डॉलरमध्ये काही होत नाही, ते विसर. बाबांच्या फोटोंसाठी मी एप्सनचा फास्टफोटो स्कॅनर घेतला, साधारण ६०० पडले. सेकंदाला एक फोटो. दोन वीकेंडमध्ये ४००० फोटो उडवले. बॉसला सांग, चांगली वस्तू एकदाच घ्यायची असते.

ठाणे_स्लो
स्कॅनरला +१, पण फीडरवाला (फोटो आत ओढून घेणारा) अजिबात नको. आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आमच्या फीडरने मधोमध चिरला. आता आजोबा एका तुकड्यात आणि आजी दुसऱ्या. फ्लॅटबेड घ्या, म्हणजे काचेवर पालथा ठेवायचा. कागदाला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), फोटोला ६००.

एक_नंबर_खडूस
वाकलेला फोटो घातला असणार. मशीनचा काय दोष?

ठाणे_स्लो
७० वर्षांचा फोटो वाकणार नाही तर काय, इस्त्री करून ठेवायचा?

पेन्सिलवाली
मी अमेरिकेतच एका विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये (अभिलेखागारात) काम करते. स्कॅनर बाजूला ठेवा. आधी हे कागद कुणाचे आहेत ते ठरवा.

तुमचं राज्य विद्यापीठ आहे. म्हणजे सेंटरचे कार्यालयीन कागद सार्वजनिक अभिलेख झाले. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, कुठला नष्ट करायचा आणि कुठला अर्काइव्हकडे द्यायचा याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. 'रिसायकलमध्ये टाक' हा अधिकार तुमच्या बॉसना नाही, तुम्हाला तर नाहीच. लायब्ररीच्या संकेतस्थळावर युनिव्हर्सिटी अर्काइव्हिस्टचा ईमेल असेल, आजच लिहा. २६ खोकी म्हणजे आमच्या दृष्टीने किरकोळ काम. खोकी आणि आम्लमुक्त फोल्डर बहुतेक वेळा तेच देतात.

विद्यार्थी संघटनांचे कागद ही वेगळी गोष्ट. ते बहुधा संघटनेच्या मालकीचे असतात, सेंटरने फक्त जागा दिलेली असते. त्यासाठी दानपत्रावर संघटनेच्या माणसाची सही लागते. संघटना बंद पडली असेल तर तेही अर्काइव्हिस्टला सांगा.

आणि कृपा करून खोकी 'विषयवार' लावायला बसू नका. ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने राहू द्या. क्रमसुद्धा काहीतरी सांगत असतो.

रुमालवाला_पुणेकर
लाल कापड! आमच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं रुमालात बांधून टिकली, ती काय एप्सनमुळे? मांजरपाटाचे रुमाल शिवून घ्या, आत वेखंडाची पुरचुंडी आणि कडुनिंबाचा पाला. १०० वर्षं बघायला नको.

सदाशिव_नव्हे_नारायण
अहो काका, आमच्या आजोबांची कागदपत्रं लाल कापडातच होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, घरात पाणी शिरलं आणि कापडाचा सगळा रंग कागदांत उतरला. घराचं खरेदीखत अजून गुलाबी आहे. लाल नको, पांढरं घ्या.

रुमालवाला_पुणेकर
तो धरणाचा दोष. कापडाचा नव्हे.

पेन्सिलवाली
काका, पेशव्यांच्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हातबनावटीचा. तो मुळातच चिवट. १९८८ चं वर्तमानपत्राचं कात्रण लाकडाच्या लगद्याचं, ते स्वतःच्याच आम्लाने पिवळं पडून तुटतं आणि शेजारच्या कागदावरही डाग पाडतं. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढायची. जुने फॅक्स असतील तर त्यांची आधी, कारण तो थर्मल कागद कोरा होत जातो. पाला-वेखंड खोक्यात घालू नका, आमच्याकडे तो कचरा म्हणून काढावा लागतो.

पतसंस्था_कोल्हापूर
सोपा उपाय सांगतो. लॅमिनेशन. आमच्या संस्थेत संस्थापकांची सगळी पत्रं लॅमिनेट केलीत. पाणी पडू दे, चहा पडू दे, फरक पडत नाही. पानाला १० रुपये.

पेन्सिलवाली
नको!!! उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागदाला इजा न करता निघत नाही. सेलोटेपही नको. यूहू गोंद पण नको, पुढचा प्रतिसाद तोच येणार म्हणून आधीच लिहिते.

टेपवाला_मामा
सगळे कागदावर भांडताय. कागद अजून ५० वर्षं थांबेल, टेप थांबणार नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता जी यंत्रं आहेत ती जुनीच, आणि दुरुस्त करणारे माझ्यासारखे म्हातारे.

पहिलं काम, प्रत्येक कॅसेटच्या कडेची रेकॉर्डची टिकली तोडून टाक, म्हणजे चुकूनही वरून टेप होणार नाही. आमच्या लग्नाच्या टेपवर शारजाची मॅच आहे, वरमाला हातात आणि एकदम तिसरं षटक. बायको अजून ऐकवते. खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती टेप यंत्रात घालायची नाही, यंत्राची वाट लागते आणि पुढच्या टेपांनाही लागण होते. मला दुकानात एका टेपचे २५ डॉलर सांगितले होते. तुझ्या ४० चे हजार झाले.

एक_नंबर_खडूस
म्हणजे बजेट ३०० नाही हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

ग्रुप_गेला_मेल_गेले
आमच्या मंडळाची १७ वर्षांची पत्रापत्री एका मोफत ईमेल ग्रुपवर होती. गणपतीच्या हॉलच्या भाड्यावरून झालेली ऐतिहासिक भांडणं, सगळं. कंपनीने नोटीस दिली, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने उतरवून घेतलं असेल. कुणीच घेतलं नव्हतं. तर ताई, तुमची खोकी तळघरात निदान दिसतात तरी. गेल्या १५ वर्षांचं कुठे आहे ते बघा. पदवी घेऊन गेलेल्या मुलांच्या खात्यांत असणार. खातं बंद झालं की त्यातल्या फायलीही जातात. आत्ता शिकत असलेल्यांना गाठून सगळं विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर हलवून घ्या. आणि सेंटरच्या संकेतस्थळाचं प्रत्येक पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. फुकट आहे, पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचं.

ऑस्टिनचा_उन्हाळा
संकेतस्थळ आधी, याला माझाही दुजोरा. टेक्ससमध्ये सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं बंद करणारा एसबी १७ हा कायदा १ जानेवारी २०२४ ला लागू झाला आणि यूटी ऑस्टिनचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद झालं. सेंटर असेपर्यंत कागदांना वाली असतो.

पतसंस्था_कोल्हापूर
इथे अमेरिकेचं राजकारण नको. लॅमिनेशनचा मुद्दा मात्र कुणी खोडून काढलेला नाही.

ठाणे_स्लो
काढलाय. वर तीन उद्गारचिन्हांसकट.

मक्याच्या_शेतात
सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचेसुद्धा. अर्काइव्हिस्टला लिहिलंय. बॉसना वेळापत्रकाचं सांगितलं तेव्हा त्यांनी अ‍ॅसिडिटीची गोळी खाल्ली.

दोन अडचणी आहेत. चिकट अल्बममधले फोटो निघत नाहीत, एका मित्राने हेअर ड्रायर सुचवला. आणि एका खोक्यात शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. मुलांचे ग्रेड, आईवडिलांचं उत्पन्न, सगळं. तेही स्कॅन करायचं?

पेन्सिलवाली
हेअर ड्रायर नको. मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. अडला तर थांबा, फोटो पानावरच राहू द्या आणि पूर्ण पानाचा फोनने फोटो काढा. कुणाशेजारी कुणाचा फोटो लावला होता तेही त्यात येतं.

अर्जांचं खोकं बंद करा, वर 'गोपनीय' लिहा आणि अर्काइव्हिस्टच्या हातात द्या. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या फेर्पा कायद्याचं संरक्षण आहे. स्कॅन नाही, ड्राइव्ह नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच.

न्यूजर्सी_आजोबा
'इंडिया नाइट'चं खोकं फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्हला द्या. २००८ पासून काम करतात. मूळ कागद ते ठेवून घेत नाहीत, स्कॅन करून परत देतात. आम्ही आलो तेव्हा डाळ आणायला अशीच पाळी लावायचो, आमच्या ग्रुपमध्ये हिंगाची डबी कोण लपवायचं ते मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही.

पेन्सिलवाली
प्रत द्यायला हरकत नाही. पण मूळ खोकं बाकीच्या २५ पासून तोडू नका. ते डाळीचं कार्ड आणि पॉवॉवचं पोस्टर एकाच फळ्यावर लागायचं, ही गोष्ट सगळं एकत्र राहिलं तरच कळते.

आणखी एक. फोटोंच्या मागे नावं आहेत का? नसतील तर ७ आठवडे त्यासाठीच वापरा. बाकी सगळं आम्ही नंतर करू शकतो, ते एक करता येत नाही. मऊ शिशाची पेन्सिल घ्या, फोटो पालथा घालून कडेला हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, पुढून वळ उठतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटली नाही तर पाकिटावर लिहून मग फोटो आत घाला.

एक_नंबर_खडूस
स्कॅन करून नावं फाइलमध्ये टाइप करता येतात. २१ वं शतक चालू आहे.

मक्याच्या_शेतात
(सात आठवड्यांनी)
कळवायचं राहिलं होतं. स्कॅनर घेतला नाही. खडूस दादा, माफ करा.

अर्काइव्हिस्ट बाई स्वतः तळघरात आल्या, छताखालच्या पाइपकडे बघून नुसतं 'हं' म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात २६ पैकी २१ खोकी घेऊन गेल्या. फोल्डर त्यांचेच. उरलेल्या ५ खोक्यांत त्याच त्या फ्लायरच्या शेकड्याने प्रती होत्या. तीन-तीन ठेवल्या, बाकीच्या वेळापत्रक बघून टाकल्या. ट्रॉफ्यांचे फोटो काढले. डाळीचं कार्ड बाकीच्यांबरोबरच गेलं, मी झेरॉक्स काढून घेतली.

३०० पैकी २२५ च्या ९ टेपा करून घेतल्या, ज्यांवर माणसांची नावं होती त्याच. बाकीच्या ३१ नीट उभ्या ठेवून अर्काइव्हला दिल्या. उरलेले ७५ पेन्सिली, फ्लॉस आणि पिझ्झात गेले. अल्बमच्या पानांचे फोटो माजी विद्यार्थ्यांना पाठवले आणि सांगितलं, गावात असाल तर या. चार जण आले. हात धुऊन, पिझ्झा बाहेर व्हरांड्यात. साठीच्या एक बाई तीन दुपारी बसल्या. एका फोटोत रांगेत सात मुली आहेत. सहा नावं त्यांनी धडाधड सांगितली आणि सातवीवर बोट ठेवून गप्प बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला त्यांचा फोन. आठवलं होतं. एकूण २१२ फोटोंवर नावं आली, अजून ३४० कोरे आहेत.

एका बाबतीत मात्र पेन्सिलवाली ताईंचंही ऐकणार नाही. टी-शर्ट अर्काइव्हला दिले नाहीत. नव्या सेंटरच्या भिंतीवर लावतोय. उन्हाने विटतील हे माहीत आहे. पण नवीन मुलांना दारातून आत आल्या आल्या काहीतरी दिसायला हवं, आणि ती लायब्ररीत जाऊन खोकं मागवणार नाहीत.

एक_नंबर_खडूस
२१२ फोटो म्हणजे फास्टफोटोवर साडेतीन मिनिटं.

रुमालवाला_पुणेकर
टी-शर्टांवर लाल कापडाचा पडदा लावा. पत्ता द्या, पाठवतो.

पेन्सिलवाली
पत्ता देऊ नका. टी-शर्ट खिळ्यांनी ठोकू नका, जाड हँगरवर टांगा. खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी बघा आणि सहा महिन्यांनी बदलत राहा. शर्ट कुणी शिवले, कुणी छापले ते पाकिटावर लिहिलंत का?

मक्याच्या_शेतात
नाही. त्या बाईंना उद्या फोन करते.