डीजे स्टेंटच्या छिद्रांपाशी क्षार साचतात: दोष लेपाचा की प्रवाहाचा? मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूर येथे पॉलिमर विषयात पदव्युत्तर संशोधन करत असून, मूत्रवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या डीजे (डबल-जे) स्टेंटवर, म्हणजे दोन्ही टोकांना वळसा असलेल्या बारीक नळीवर, क्षार आणि जिवाणूंचा थर बसू नये यासाठी लेप तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. मूत्ररोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक आणि वैद्यकीय नळ्यांच्या निर्मितीचा अनुभव असलेले सभासद यांच्याकडून मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

विषय निवडण्यामागे इथली परिस्थिती आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, घाम फार येतो, लघवी घट्ट होते आणि मूतखड्याचा त्रास वाढतो. खडा काढल्यावर घातलेला स्टेंट काही आठवड्यांत, फार तर साधारण तीन महिन्यांत काढायचा असतो. परंतु गडचिरोली किंवा यवतमाळच्या आतल्या गावातून नागपूरला आलेला रुग्ण, दुखणे थांबले आणि पेरणी तोंडावर आली की, दिलेल्या तारखेला परत येईलच असे नाही. तोवर दोन्ही टोकांच्या वळशांवर खडा धरला, तर एरवी दुर्बिणीतून सहज निघणारी नळी काढण्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. रुग्णाला समजावून सांगणे आवश्यकच आहे, पण उशीर झाला तरी नळीने काही काळ तग धरावा, ही जबाबदारी साहित्य घडवणाऱ्यांचीही आहे असे मला मनापासून वाटते.

दोन्ही टोकांना वळसा असलेली ही रचना मूत्ररोगतज्ज्ञ फिनी यांनी 1978 साली मांडली. सिलिकॉनवर क्षार तुलनेने कमी धरतात, मात्र ते मऊ असल्यामुळे आणि घर्षण जास्त असल्यामुळे अरुंद मूत्रवाहिनीतून पुढे सरकवणे अवघड जाते. पॉलियुरेथेन सहज सरकते, पण त्यावर थर लवकर बसतो. नळी लघवीत गेल्यावर थोड्याच वेळात तिच्यावर प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो आणि पुढे स्फटिक व जिवाणू त्याच्याच आधाराने चिकटतात. म्हणून जंतुनाशक सोडणाऱ्या लेपापेक्षा प्रथिनांनाच थारा न देणारा लेप मला योग्य वाटतो. औषध कधीतरी संपते, आणि मेलेले जिवाणू तिथेच राहिले तर पुढच्या थराला जागा तयार होते. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक सोडणाऱ्या स्टेंटच्या रुग्णांवरील चाचण्यांतही संसर्ग कमी झाल्याचे ठामपणे दिसले नाही. त्यामुळे पॉलियुरेथेनवर आधी पॉलिडोपामाइन या चिकटून राहणाऱ्या पॉलिमरचा थर देऊन, त्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेला, पाणी घट्ट धरून ठेवणारा पॉलिमर मी बसवला आहे.

आता मुख्य अडचण. कृत्रिम लघवीत ठेवलेले लेपयुक्त तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता नळीचा गुळगुळीत भाग जवळपास स्वच्छ दिसतो. मात्र बाजूच्या छिद्रांच्या काठावर, विशेषतः जिथे छिद्र पाडताना प्लास्टिकचे बारीक कुसळ उरले आहे तिथे, पांढरट पिवळे कण दाटीने बसलेले असतात. याची दोन कारणे संभवतात. नळी द्रवात बुडवून लेप देताना धारदार काठावरून द्रव मागे ओढला जातो आणि तिथे लेप विरळ राहतो. किंवा छिद्रापाशी लघवी संथ होऊन घुटमळते आणि लेप चांगला असूनही तिथे क्षार बसतात. पहिले कारण खरे असेल तर लेप देण्याची पद्धत बदलावी लागेल. दुसरे खरे असेल तर रसायन कितीही सुधारले तरी छिद्रांचा आकार आणि जागा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. ही दोन कारणे प्रयोगातून वेगळी कशी करावीत? काही नळ्यांच्या छिद्रांचे काठ लेपापूर्वी घासून गोल करावेत आणि दोन्ही प्रकार वाहत्या द्रवात शेजारी शेजारी ठेवावेत, असा माझा विचार आहे. दिवसाची लघवी दीड लिटर धरली तर एका मूत्रपिंडाच्या वाट्याला मिनिटाला सुमारे अर्धा मिलिलिटर येते. एवढा मंद प्रवाह स्थिर ठेवणारा, सतत चालवता येईल असा पंप कोणी वापरला असल्यास कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न जिवाणूंचा. प्रोटियस मिराबिलिस हा जिवाणू कृत्रिम लघवीत घातल्यावर तो युरियापासून अमोनिया तयार करतो, सामू वर जातो आणि स्ट्रुव्हाइट व अ‍ॅपेटाइट हे फॉस्फेटचे क्षार सगळ्या द्रवातच इतके साचतात की लेप दिलेल्या आणि न दिलेल्या नळीतला फरक झाकला जातो. जिवाणू न घालता केलेली चाचणी मात्र संसर्ग झालेल्या रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही चाचण्या आधी स्वतंत्र आणि नंतर एकत्र कराव्यात की सुरुवातीलाच जिवाणूंची संख्या कमी ठेवावी? युरिया ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) न घालता गाळून निर्जंतुक करते आणि कॅल्शियम व फॉस्फेटचे द्राव ऐनवेळी मिसळते. त्यामुळे सगळ्या द्रवात क्षार साचण्याचे मूळ तिथे नसावे.

एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्यापूर्वी नळी वाळवावी लागते. अशा पाणी धरणाऱ्या लेपाला वाळल्यावर वळशापाशी तडे जातात का, हे निर्मितीतील जाणकारांनी सांगितल्यास फार मदत होईल.

शेवटी नागपुरातील डॉक्टर सभासदांसाठी: रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या स्टेंटचे तुकडे तुलनेसाठी हवे आहेत. नैतिक समितीची परवानगी रुग्णालयाच्या बाजूने मागावी की आमच्या संस्थेच्या, आणि तुकडा काढल्याबरोबर शुद्ध पाण्याने विसळून देणे शस्त्रक्रियागृहात शक्य असते का? न विसळता वाळला तर उरलेल्या लघवीचेच स्फटिक त्यावर बसतात आणि मूळचा थर कोणता हे ओळखता येत नाही.