पावसाळ्यात खत कुजतं, पण वास मारतं

ओल्या कचऱ्याचं ड्रममधलं खत आषाढात चिकट होऊन वास मारतं आणि त्यात अळ्या पडतात, म्हणून खत करणं बंद करावं का, असं एकानं विचारलंय. बंद करू नका! आमच्याकडे रत्नागिरीत वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, तरी बारा महिने खत होतं. वास येतो तो पाणी साचून हवा न मिळाल्यामुळे. ड्रम पागोळीखालून हलवा, तळाला भोकं पाडून खाली दोन चिरे ठेवा.

खरी गोम पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या सुक्या पानांत आहे. चैत्र-वैशाखात लोक तो जाळतात, ते बघून जीव तुटतो. पोत्यांत भरून पडवीत ठेवा. एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या पातेरा. आंब्याचं पान जाड, लवकर कुजत नाही, म्हणून हातानं चुरून घाला. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसाही चालतो, पाणी छान शोषतो.

अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतील. त्या कचरा झपाट्यानं खातात, राहू द्या. बांगड्याची डोकी मात्र ड्रममध्ये नकोत, माडाच्या आळ्यात खोल पुरा.

मूठभर खत दाबून बघा: गोळा व्हावा, पाणी गळू नये.